गोजराआक्कानं शिकवलेली हाक

पौड मागं पडलं तशा गोजराआक्कानं पायातल्या वहाणा काढून पिशवीत घातल्या आणि रस्त्याकडेच्या मऊ मातीतून ती चालू लागली. अनुसया दोन पावलं मागं होती. माले गावातून निघाल्यापासून आक्का फारशी बोलली नव्हती. ओढा लागला की थांबायची, पाणी वाहतंय का वाकून बघायची आणि पुढं व्हायची. एका वस्तीवरची कुत्री भुंकत रस्त्यापर्यंत आली, तर तिथंही ती उभी राहून किती आहेत, कुठल्या घरची आहेत ते बघत राहिली.

"एसटीनं आलो असतो तर एव्हाना घोटावड्यात असतो की आक्का," अनुसया म्हणाली.

"जाताना गेलो असतो. येताना काय करायचं? कुत्र्याला यष्टीत कोन घेतंय?"

"म्हणून पाणी बघत चाललाय होय."

"त्याला पानी कुटं मिळंल ते आधी ठावं असाया हवं. उन्हाचं चालवायचं म्हंजी."

म्हणजे काजळ्या परत येणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. अनुसयानं रस्त्यावरच्या मारुतीला चालता चालताच हात जोडले आणि मनातल्या मनात तेवढंच मागितलं. तिची त्या दिवशी संकष्टी होती. पिशवीत तिच्यापुरते शेंगदाणे-गूळ आणि आक्काची भाकरी होती. दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती धसकटं उभी होती.

काजळ्या हा आक्काचा कुत्रा. दसऱ्यानंतर एके दिवशी आक्का, ती शिकवायची त्या बायकांच्या वर्गाच्या कामासाठी पौडला गेली होती. ती परत आली तर काजळ्या नाही. तिचा धाकटा भाऊ हैबतराव म्हणाला, "वाघरानं नेला." मालेच्या बाजूला बिबट्या कुत्री नेतो, त्यात नवल काही नाही. आक्कानं विश्वास ठेवला. तीनदा डोंगराच्या कडेपर्यंत जाऊन आली, काही मिळालं तर पुरावं म्हणून. आणि आता कळलं होतं, की काजळ्या घोटावड्याला एका पोल्ट्रीवर जिवंत बांधलेला आहे.

कसं कळलं ते सांगायच्या आधी आक्काचं सांगायला हवं.

गोजराआक्का मालेचीच लेक. सातवी पास. तिच्या वेळी गावात मुलगी सातवी झाली म्हणजे लोक बघायला यायचे. लग्न करून दिलं ते डोंगरापलीकडं. चार वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. मग एके दिवशी नवरा म्हणाला, नवं लुगडं नेस, माहेरच्या जत्रेला जाऊ. ती हरखून नेसली. मालेच्या वेशीपर्यंत दोघं चालत आली. तिथं तो म्हणाला, तू हो पुढं, मी तंबाखू घेऊन आलोच. तो गेला तो गेलाच. पुढं कळलं, दुसरी घरात आणूनच बसवली होती. गावातल्या बायका विचारायच्या, "गोजरे, काय म्हनतुया नवरा?" आणि आक्का म्हणायची, "तंबाखू मळतुया अजून." असं म्हणून तीच आधी हसायची, म्हणजे दुसऱ्यांना हसायला जागा उरायची नाही.

भावाच्या घरी राहून शेतात राबली. काजळ्या तिला पेंढ्याच्या गंजीत सापडला. डोळ्यांभोवती काळं, कुणी घाईनं काजळ घातल्यासारखं. सगळे पाळतात तसंच तिनंही त्याला पाळलं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि लागला तर दगड. एकदा त्यानं सकाळी कोंबडीचं अंडं फोडून खाल्लं. आक्काला दुपारी कळलं. तिनं त्याला लाडानं हाक मारली, तो शेपूट हलवत आला, आणि तिनं त्याला झोडपला. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्या हाताला आला नाही. अंडी मात्र खातच राहिला.

ही गोष्ट ती अनुसयाला पुष्कळदा सांगे. "अंड्याचं त्याला काय कळलंच न्हाई बघ. त्याला कळलं येवढंच, की आक्कानं बोलावल्यावं गेलं की मार मिळतुया. मी शिकवाय गेले येक आनि शिकवलं दुसरंच." असं म्हणाली की नेसूचा पदर चाचपत राहे. वेशीवरचं नवं लुगडं तिला आठवत असावं असं अनुसयाला वाटे, पण तिनं कधी विचारलं नाही.

मग आक्कानं त्याला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. जिभेनं हलकं 'टक' करायचं, गुडघ्यावर उघडा हात ठेवायचा, तो आला की लगेच तुकडा आणि पाठीवर हात. आलेल्याला कधी बांधायचं नाही, मारायचं नाही, आंघोळसुद्धा घालायची नाही. आंघोळ घालायची तर आपण उठून त्याच्याकडं जायचं. शिकवणं अगदी थोडं, आणि त्याला अजून हवं असताना थांबायचं. वर्षभरात तो असा झाला, की पिल्लांच्या मधोमध झोपायचा आणि कोंबडी त्याच्या पाठीवर चढून बसायची.

प्रौढ शिक्षणाचे वर्ग सुरू झाले तेव्हा मालेत बायकांचा वर्ग आधी एका मास्तरांकडं होता. ते फळ्यापाशी बोलवायचे आणि म्हणायचे, एवढंही येत नाही? पंधरा बायका होत्या, त्यांच्या तीन राहिल्या. मग वर्ग आक्काकडं आला. जागा बालवाडीचीच, मुलं घरी गेली की दुपारी. अनुसया बालवाडीची बाई. माहेर पौडचं, मॅट्रिक झालेली. खोलीची किल्ली तिच्याकडं, म्हणून ती थांबायची, आणि थांबता थांबता बघायची.

आक्काचा वर्ग गावात चेष्टेचाच झाला होता. नवी बाई आली की तिच्या हातात पाटी नाही, भाकरीचा तुकडा द्यायची. "आधी काजळ्याला काय तरी येक शिकव. मग मी तुला शिकवते."

"आन मी काय शिकवनार त्याला? मलाच काय येत न्हाई," बाई म्हणायची.

"म्हनूनच."

धोंडाबाई म्हणून एक फटकळ बाई होती. तिनं त्याला फळा पुसायचं फडकं आणून द्यायला शिकवलं. म्हणायची, "माज्या धन्यापरीस ह्यो शाना हाय, येकदा सांगितलेलं ध्यानात ठेवतुया." प्रत्येकीनं काही ना काही शिकवलं, आणि ज्या बाईला जन्मभर 'तुला डोकं नाही' हेच ऐकायला मिळालेलं, तिनं कुणाला तरी शहाणं केलेलं बघून तिचं तिलाच नवल वाटायचं. मग ती पाटी धरायची. काजळ्याला शिकवताना जे कळलं ते तीच पुढं शेजारणीला लावायची. तुकडा लहान ठेव, चुकलेलं सोड, जमलेलं धर.

सगळ्यांत कठीण गेली ती केशरबाई, हैबतरावाची बायको, आक्काची भावजय. ती काजळ्यावर ओरडायची, "बस, बस म्हनते न्हवं." एकदा पाटीच हाणली. काजळ्या आक्काच्या मागं लपला.

"वन्सं, हे माजं ऐकायचं न्हाई. माजं घरात कोनच ऐकत न्हाई, हे काय ऐकतंय."

"त्यानं काय केलं न्हाई ते बघू नकोस, केशर. त्यानं काय केलं ते बघ. आत्ता तुज्याकडं बघितलं का न्हाई त्यानं?"

"बघितलं."

"मंग तेवढ्याला दे तुकडा."

पावसाळा अर्धा सरला. एका दुपारी केशरबाईनं टक केलं, हात गुडघ्यावर ठेवला, आणि काजळ्या उठून तिच्याकडं गेला आणि हनुवटी तिच्या गुडघ्यावर टेकवून उभा राहिला. हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं, तिनंच शिकवलं होतं. ती तोंडाला पदर लावून रडली. त्यानंतर पाटीवर तिचा हात झरझर चालू लागला. नव्या आलेल्या बायकांना 'वन्संनी मला असं सांगितलं' म्हणून तीच बसवून घेई.

अनुसयाचंही तसंच. तिच्या बालवाडीत आधी 'हाताची घडी, तोंडावर बोट' आणि रडारड एवढंच चालायचं. एक मुलगी उंबऱ्याच्या आत येतच नसे. काजळ्याचं बघून अनुसयानं तिला ओढायचं सोडलं. तिची पाटी उंबऱ्यावरच ठेवली, मग रोज जराशी आत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती मुलगी पहिल्या रांगेत आली होती.

आणि आदल्या दिवशी दुपारी, भाऊबीज करून माहेराहून परतलेली धोंडाबाई वर्गात आली आणि बसता बसता म्हणाली, "आक्का, वाघरानं खाल्लेलं कुत्रं पुन्यांदा उगवतं का वो?"

"का गं?"

"न्हाई, घोटावड्याला पोल्ट्रीवर लांबनं बघितलं. काजळ घातलेलं. गावात तुमच्या कुत्र्याबिगर काजळ कोन घालतंय?"

बायका हसल्या. अनुसयाची नजर सहज केशरबाईवर गेली. केशरबाई हसली नव्हती. तिच्या हातातली पाटीवरची पेन्सिल एकाच जागी घासत राहिली होती, तिथं पांढरा ठिपका जाड होत चालला होता. आक्कानंही ते बघितलं. त्या दिवशी तिनं वर्ग लवकर सोडला.

आता चालता चालता ती पुढचं सांगत होती.

"घरी गेल्यावं हैबतीला विचारलंच न्हाई मी. काजळ्या हैबतीच्या सावलीला उभा राहत न्हाई, त्यो त्याच्या संगं जाईलच कसा? दोरीनं ओढला असता तर सगळा गाव गोळा झाला असता. म्हनून केशरला विचारलं. म्हनलं, कुनी टक केलं? तर चुलीकडं बघून म्हनली, मी वन्सं."

"सरळ सांगितलं?"

"सरळ. जीप वेशीवर उभी व्हती. टक केलं, हात गुडघ्यावं ठेवला, आला. हनुवटी ठेवली तशी हैबतीनं मागनं साखळी घातली." आक्काची चाल मंदावली. "हनुवटी ठेवलेली असताना."

हैबतरावाला थोरल्या मुलाला त्या पोल्ट्रीवर कामाला लावायचं होतं. पोल्ट्रीचा मालक भिवाजी एकदा मालेत आला होता. कोंबड्यांत झोपणारा कुत्रा त्यानं बघितला आणि असा कुत्रा मिळाला तर बरं होईल म्हणाला. हैबतरावानं शब्द दिला. कुत्रा हाती येईना, तेव्हा बायकोला पुढं केलं.

"केशरबाईचा जीव तरी कसा झाला," अनुसया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळ्या बायकांत तुम्ही तिच्यावर जास्त वेळ घातलात."

"व्हय."

"मग काही बोलली का नाही ती?"

"म्हनली, धनी मला म्हनाले, केशर, हे तुज्याबिगर कुनाला जमायचं न्हाई. लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा मला काय जमतं म्हनाले." आक्कानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिलाबी तुकडाच टाकला हैबतीनं. पन तिला ठावं व्हतं, अनुसया. कुत्र्याला ठावं न्हवतं, तिला ठावं व्हतं. वर महिनाभर माज्या संगं जेवली. मी डोंगराला जाऊन आले की पाय धुवाया पानी देत व्हती."

झाडाखाली बसून आक्कानं अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी फडक्यात परत बांधली. अनुसयानं विचारलं नाही ती कुणासाठी.

पोल्ट्री गावाबाहेर होती. लांब शेड, जाळीला पोती लावलेली, वास रस्त्यापर्यंत येत होता. राखणदाराची बायको रंभाबाई पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. तिनं मालकाला बोलावून आणलं. भिवाजी वाईट माणूस वाटला नाही.

"तुमचं हाय व्हय? न्या बाई, खुशाल न्या. हैबतरावांनी लई तारीफ केली व्हती. हितं आल्यापासनं ना भुकतंय, ना कोंबड्यांकडं बघतंय. आमच्या काय कामाचं न्हाई."

अनुसयाला हायसं वाटलं. भांडावं लागेल, मालक हाकलून देईल, अशा धास्तीनं ती आली होती. इथं तर काम सोपं झालं होतं.

काजळ्या शेडमागच्या बाभळीला बांधलेला होता. अंगावरचे केस निस्तेज झाले होते, मानेला साखळीचा वळ. त्यानं मान उचलून आक्काकडं बघितलं, शेपूट एकदा हललं. आक्का लांबूनच खाली बसली. हात उघडा करून गुडघ्यावर ठेवला आणि टक केलं.

काजळ्या जमिनीला चिकटला. कान मागं, पोट मातीला, आणि त्याच्याखालची माती ओली होत गेली.

आक्काचा हात गुडघ्यावरून आपोआप खाली आला.

"तसंच करतंय त्ये," रंभाबाई मागून म्हणाली. "पैल्यांदा दोनतीनदा साखळी तोडून पळालं. आमच्या घरधन्याला हैबतरावांनी दावलं व्हतं, असं टक करा, येतंय. आलं की हनुवटी ठिवायचं मांडीवं. मंग धनी पकडून बांधायचं आनि पळालं म्हनून काठी द्यायचं. आता टक केलं की मुततंय."

आक्का रडली नाही. अनुसयानं तिचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. वेशीवर तंबाखूची वाट बघणारी बाई अशीच दिसली असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं नजर वळवली.

"आक्का, आपण दोरी लावून नेऊ त्याला," ती हळू म्हणाली. "घरी गेला की होईल सरळ. ओळखतोय तो तुम्हाला."

"वळकतुया. म्हनून तर लई भ्यालाय." आक्का उठली नाही. "दोरी लावून वढत न्यायचं तर मी कोन मंग? आनि घरी म्हंजी कुनाच्या? त्याच दारात बांधू?"

अनुसया बाजूला दगडावर बसली.

आक्कानं बसल्या बसल्या अंग वळवलं, काजळ्याकडं पाठ नव्हे पण तोंडही नाही, असं आडवं. फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडला आणि तो आपल्यापासून लांब, त्याच्या बाजूला टाकला. मग शेतांकडं बघत बसली. काजळ्यानं तुकड्याकडं बघितलंसुद्धा नाही. ऊन बाभळीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. रंभाबाईनं चहा आणून दिला. अनुसयाला तो चालत होता, ती प्यायली. आक्काचा तसाच गार झाला. मधे कधीतरी मालक येऊन बघून गेला आणि "अजून बसलाय व्हय?" म्हणून गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा काजळ्यानं मान लांब करून तो तुकडा ओढला आणि खाल्ला. दुसऱ्या तुकड्यासाठी त्यानं वर बघितलं. आक्काच्या हातात दुसरा तुकडा होता. तिनं तो परत फडक्यात बांधला आणि उठली.

"आज येवढंच," ती म्हणाली.

रंभाबाईला तिनं विचारलं, ओसरीवर राहू देशील का. अंडी वेचीन, झाडलोट करीन. रंभाबाई म्हणाली, ऱ्हावा की, मलाबी सोबत हुईल. किती दिवस ते कुणीच विचारलं नाही.

आक्का अनुसयाला फाट्यापर्यंत सोडायला आली. शेवटची एसटी यायची होती. चंद्र उगवायला अजून वेळ होता, अनुसया घरी पोचल्यावरच उपास सोडणार होती.

"टक आता सरलं," आक्का म्हणाली. "त्याला दुसरं काय तरी शिकवाया लागंल. शीळ, न्हाईतर नुसता हात. ते मी हितं बघते. त्याला किती दीस लागायचं ते लागू देत."

"आणि वर्ग?"

"तू घ्यायचास. किल्ली तुज्याकडंच हाय." अनुसया काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. "आनि येक सांगते, ते ऐक. केशर उद्या यील. मी न्हाई म्हनून यील. जोडाक्षरं ऱ्हायल्यात तिची. ती तू शिकव."

"मी?" अनुसया म्हणाली. "मला नाही जमायचं आक्का. तिला बघितलं की मला हे मुतलेलं कुत्रं दिसेल."

"मलाबी दिसंल. म्हनून तर मी न्हाई बोलवायची तिला. मी फळ्यापाशी बोलावलं तर तिला वाटंल शिकवाया बोलावलंय, आनि माज्या हातात मागं साखळी असंल. तिला म्या माफ केलंय असं समजू नकोस. केलेलं न्हाई. हुईल का न्हाई ते मला ठाव न्हाई."

एसटीचे दिवे वळणावर दिसले. आक्कानं पुढं होऊन हात दाखवला आणि मग अनुसयाकडं वळली.

"तिला फळ्यापाशी बोलव, पन नुसतं शिकवाया बोलव. काजळ्याचं इचारू नकोस, माजं नाव काढू नकोस. आनि ती चुकली की तुज्या मनात आजचं यील, तेवा तितल्या तितं काय बोलू नकोस. भाईर जा, माठातलं पानी पी, आनि मंग परत आत ये. येवढं कर माज्यासाठनं."